गाळाचे पुंजके आणि बंदराचा तळ

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले, तर त्यातील वाळू तत्काळ तळाशी जाते. पाण्याचा तांबूस रंग मात्र दुसऱ्या दिवशीही पुरता जात नाही. त्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला की काही वेळाने पाणी निवळते व तळाशी साका बसतो. निवळीचे बी उगाळूनही हेच साधत असत. कतक या नावाने त्या फळाचा उल्लेख मनुस्मृतीतही आढळतो. तुरटीने मातीचा नाश होत नाही, की तिचे कणही बदलत नाहीत. मग ती एकाएकी खाली का बसते? या घरगुती प्रश्नाच्या उत्तरातच खाड्या व बंदरे गाळाने का भरतात, याचा उलगडा आहे.

सुटा सूक्ष्म कण पाण्यात किती वेगाने खाली जातो, याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या व्यासाचा कण निश्चल पाण्यात दहा मीटर खाली जाण्यास सुमारे एक महिना घेईल. खाडीचे पाणी तर महिनाभर सोडाच, दिवसभरही स्थिर नसते. या हिशेबाने चिकणमाती तेथे बसूच नये; प्रत्यक्षात ती थरावर थर बसते. नियम चुकीचा नाही. कण सुटा राहतो, हे गृहीतच येथे लागू पडत नाही.

चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे असून त्यांच्या पृष्ठांवर ऋण विद्युत्‌भार असतो. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांस दूर लोटतात. पाण्यात क्षार मिसळले की त्यांतील धनभारित आयन हे प्रतिसारण कमी करतात. कण निकट येतात आणि परस्पराकर्षणाने चिकटतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा भार तिप्पट असल्याने ती अल्प प्रमाणातही प्रभावी ठरते. सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत स्रावही कणांना सांधतो. असे बनलेले पुंजके पोकळ व पाण्याने भरलेले असतात. त्यांची घनता पाण्याहून किंचितच अधिक असते. तरीही आकार पुष्कळच वाढल्यामुळे महिन्याचा प्रवास काही तासांवर येतो. प्रवाह मंद असेल तर तो कणांच्या टकरा घडवून पुंजके वाढवतो. प्रबळ झाला की तेच पुंजके फोडतो.

मराठीत वाळू व रेव ही वस्तूंची नावे आहेत. गढूळ, साका, चिखल हे शब्द मात्र एकाच मातीच्या निरनिराळ्या अवस्था सांगतात. व्यवहारातील ही विभागणी शास्त्राशी चांगलीच जुळते. वाळूचा कण पाण्यात वाळूच राहतो. मातीचे वर्तन मात्र पाण्याचा खारटपणा, प्रवाह आणि बसल्यानंतर गेलेला काळ यांवर ठरते.

ठाण्याच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या मुंबई बंदरात हे पाहावयास मिळते. तेथे दिवसातून दोनदा भरती येते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी थबकते, तेव्हा पुंजके खाली बसतात. प्रवाह वाढला की त्यांतील बराच भाग पुन्हा वर उठतो. जहाजांसाठी मार्ग खोल खणला की तेथे प्रवाह मंदावतो व गाळ अधिक साचतो. म्हणून एकदा उपसून काम संपत नाही. जो थर उठलाच नाही, तो आपल्याच भाराने पाणी बाहेर टाकून घट्ट होतो. मग त्याला हलवण्यास वाळूपेक्षाही वेगवान प्रवाह लागतो. फिलिप ह्यूलस्ट्रॉम या स्वीडिश भूगोलज्ञाने १९३५ मध्येच हे आलेखाने दाखवले होते. बंदराची लहान प्रतिकृती करून प्रयोग करणाऱ्यांची अडचणही हीच आहे: खोली व वेग प्रमाणात लहान करता येतात, मातीचा चिकटपणा तसा करता येत नाही.

सर्वांत चमत्कारिक अवस्था घट्ट होण्यापूर्वीची. पुंजके दाटीने खाली येऊ लागले की त्यांच्यामधील पाण्याला वर निसटण्यास वाट मिळत नाही, आणि तळाशी पातळ रेंद्यासारखा थर साचतो. तो पाणी नव्हे व जमीनही नव्हे. ध्वनिलहरींनी खोली मोजताना उच्च कंप्रतेच्या लहरी या थराच्या माथ्यावरून परततात, तर कमी कंप्रतेच्या लहरी त्यात शिरून खालून परततात. एकाच जागी दोन तळ दिसतात. त्यांपैकी जहाजाला कोणता खरा? रॉटरडॅम बंदराने १९७० च्या दशकात यावर व्यवहार्य तोड काढली: ज्या पातळीवर गाळमिश्रित पाण्याची घनता दर घनमीटरला १,२०० किलोग्रॅम होते, ती पातळी म्हणजे तळ. तिच्या वरचा रेंदा उपसण्याची गरज नाही. जहाज त्यातून जाऊ शकते.