आत्म्याचे फळ (४) : मंदक्रोध

प्रीती, आनंद, शांती यांच्यानंतर गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल चौथे नाव घेतो ते सहनशीलतेचे. नऊ गुण मोजूनही तो ‘फळ’ हा शब्द एकवचनीच ठेवतो, हे आपण पहिल्या लेखात पाहिले. आज त्या एकाच फळाची चौथी फोड.

खरे सांगायचे तर ‘सहनशीलता’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. त्याला मुकाट सोसण्याचा वास आहे. सासरी छळ होणाऱ्या लेकीला ‘सहन कर, प्रभूनेही सोसले’ असे सांगणारे आपल्या मंडळ्यांत आजही भेटतात. पौलाच्या शब्दाचा असा वापर हा त्या लेकीवरचा आणखी एक अन्याय आहे. त्याचा ग्रीक शब्द आहे मॅक्रोथुमिया. मॅक्रोस म्हणजे लांब, थुमोस म्हणजे रागाची उसळी. ज्याचा राग लांबून, सावकाश येतो, असा माणूस. याची पाळेमुळे हिब्रूत आहेत. निर्गमच्या ३४व्या अध्यायात परमेश्वर मोशेला आपली ओळख सांगतो, तिथला हिब्रू शब्दप्रयोग शब्दशः ‘लांब नाकाचा’ असा आहे! आपल्याकडे तापट माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हिब्रूतही रागाचे घर नाकच. नाक लांब असेल तर रागाला शेंड्यापर्यंत यायला जणू वेळ लागतो. मराठी बायबलने यासाठी ‘मंदक्रोध’ हा नेमका शब्द योजला. मंदक्रोध माणसाला राग येतो, पण त्या रागाला घाई नसते.

पंडिता रमाबाईंकडे पाहिले की हे उमगते. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात मुलींना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. गप्प बसणे त्यांच्या रक्तातच नव्हते. त्याच बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एका कामाला वर्षानुवर्षे चिकटून राहिल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांना सोप्या मराठीत बायबल आणायचे होते, कारण प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना कळत नव्हती.

छपाईही मुक्तीतच, आश्रमातल्या बायकांच्या हातांनी. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, पेटीतल्या घराघरांतून उचलायचे, काना, वेलांटी, जोडाक्षर सांभाळत उलट्या अक्षरांची ओळ जुळवायची, मुद्रित काढायचे, चूक दिसली की तेवढाच खिळा चिमट्याने उपटून दुसरा बसवायचा. मग पुन्हा मुद्रित. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत.

१९२१मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः प्रभूघरी गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४मध्ये.

(पुढील आठवड्यात : ममता)