नवी इंडक्शन शेगडी आणि भिंतीतली वायर

विद्यार्थी मित्रांनो, घरात नवी इंडक्शन शेगडी आली की आपण विचारतो, दूध किती मिनिटांत तापेल? खरं तर आधी विचारायला हवं, घरातली वायर हा भार सोसेल का?

दहावीचं सूत्र आठवा. विद्युत शक्ती = विभवांतर × विद्युतधारा. शेगडीवर २००० वॅट लिहिलंय, घरातलं विभवांतर २३० व्होल्ट. २००० ला २३० ने भागा. उत्तर येतं सुमारे ८.७ अँपिअर. म्हणजे ६ अँपिअरचा लहान सॉकेट चालणार नाही; अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा.

आता वायर. वायर जितकी बारीक, तितका तिचा रोध जास्त. शिवाय ज्यूलच्या नियमानुसार धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. म्हणून दिव्या-पंख्याच्या बारीक वायरवर शेगडी जोडायची नाही. तिच्यासाठी साधारणपणे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मेन बोर्डापासून वेगळी ओढतात. अंतर फार लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घेतात.

एक चूक मात्र अजिबात करू नका. एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं! एमसीबी मुख्यतः वायरला सांभाळतो. तो वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला, तर तो पडायच्या आधी भिंतीतली वायरच जळेल.

स्वाध्याय : घरातल्या गीझर, इस्त्री आणि मिक्सरवरचे वॅट वाचा, प्रत्येकाची धारा काढा. वायर बदलायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकाकांकडूनच करून घ्या.