पहिल्या पावलाची कळ

गुडघ्याच्या वाट्या बदलल्या की बहुधा दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट खाटेपाशी येऊन सांगतात, "चला, उभे राहा." निजलेल्या अंगात औषधांनी दबलेली कळ पहिल्या पावलासरशी उसळते. पाऊल टाकावे तर सोसवत नाही, न टाकावे तर गुडघा आखडतो. ही कोंडी फोडायला विजेची मदत घेण्याचा आधुनिक प्रयत्न आता साठीचा झाला आहे.

कल्पना त्याहून कितीतरी जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाऊटच्या रुग्णाला समुद्रकाठी विजेचा धक्का देणाऱ्या टॉर्पेडो माशावर उभे करी, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. पण हे घडते कसे, याचे पटणारे उत्तर १९६५ मध्ये मिळाले. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार असते. जाड तंतूंतून स्पर्शाची संवेदना आली की ते लोटले जाते आणि बारीक तंतूंतून येणारी वेदना अडते. आपटलेली जागा आपण चोळतो, ती म्हणूनच.

१९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी हे पडताळले. आधी स्वतःच्या चेहऱ्यातल्या नसेवर, मग जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांवर. विजेची सेकंदाला १०० स्पंदने देऊन मुंग्या येईपर्यंत विद्युतदाब वाढवला, तेव्हा हात लावू न देणारी जागा दाबली तरी दुखेना. चौघांना दोन मिनिटांच्या प्रवाहाने अर्ध्या तासाहून जास्त आराम पडला. त्याच सुमारास नॉर्मन शीली मज्जारज्जूवर विद्युतअग्रे बसवू लागले. त्यासाठी योग्य रुग्ण निवडताना कातडीवर पट्ट्या लावून प्रवाह दिला जाई, आणि काहींचे दुखणे तेवढ्यानेच कमी होई. चाचणीचाच उपचार झाला. तेच आजचे 'टेन्स'.

शस्त्रक्रियेनंतर टेन्स वापरण्याची लाट सत्तरच्या दशकातच आली. १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिची झडती घेतली. रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी केलेल्या १७ चाचण्यांपैकी १५ मध्ये फायदा दिसला नाही. तशी वाटणी नसलेल्या १९ पैकी १७ मध्ये मात्र दिसला. कौतुक आणि पुरावा यांतले अंतर इतके उघडे क्वचितच पडते. २००३ मध्ये नॉर्वेचे यान बियोर्डाल यांनी दुसरी बाजू मांडली: अनेक चाचण्यांत प्रवाहच अपुरा होता. मुंग्या जोरकस, पण सोसवतील इतक्या ठेवल्या, तिथे वेदनाशामकांची गरज सुमारे ३६ टक्क्यांनी घटली होती.

गुडघ्यासाठी मोलाची चाचणी २०१४ ची, आयोवातल्या ३१७ रुग्णांची. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत टेन्स घेणाऱ्यांना सुरुवातीच्या दिवसांत पाय ताणताना आणि झपझप चालताना कमी दुखले. निजून असताना फरक नव्हता. हालचाल करतानाचा फरकही सहा आठवड्यांनी उरला नाही. शिवाय खोटे यंत्र लावलेल्यांनाही जवळपास तितकाच दिलासा मिळाला होता. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात विद्युत उपचारांनी अफूवर्गीय औषधांची गरज कमी होते, याला मध्यम बळाचा आधार सापडला. त्या औषधांच्या व्यसनाने होरपळणाऱ्या अमेरिकेत हा निष्कर्ष लहान नव्हता.

तिथेच सॅन दिएगोत ब्रायन इलफेल्ड यांनी पुढची वाट काढली: सोनोग्राफीत पाहत केसासारखी तार नसेजवळ सरकवायची आणि प्रवाह देण्यासाठी काही आठवडे तिथेच ठेवायची. नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनने मांडीचा स्नायू ढिला होऊन रुग्ण पडण्याची भीती असते. तारेने स्नायूचे बळ शाबूत राहावे, ही अपेक्षा. २०२१ मध्ये खांदा, पाऊल आणि अस्थिबंधांच्या शस्त्रक्रिया झालेल्या ६६ रुग्णांत वेदना आणि औषधे दोन्ही लक्षणीय घटली. सांधेबदलाच्या रुग्णांवरचा अनुभव मात्र अजून तोकडा आहे.

या साऱ्यातून एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे 'करंट घेणे' म्हणजे पट्ट्या लावून वीस मिनिटे पडून राहणे. पण शस्त्रक्रियेनंतर जो थोडका लाभ दिसला, तो पाय हलवताना आणि चालताना दिसला. म्हणून यंत्र कमरेला अडकवा, प्रवाह मुंग्या जाणवतील इतका वाढवा आणि रुग्णाला हात देऊन उठवा. खोट्या यंत्रानेही दिलासा मिळाला, यात त्या हाताचाही वाटा असणार.