घरातील चित्रकोपरा : बालमनाला हक्काची जागा

आजारी मुलाला औषध देताना त्याचे वय, वजन व आजार पाहून मात्रा ठरविता येते. त्याच्या मनात साठलेल्या भीतीला मात्र अशी मात्रा नसते. ती आधी बाहेर यावी लागते. मोठी माणसे आपले दुःख बोलून हलके करतात. लहान मुलांजवळ तेवढे शब्द नसतात, म्हणून ती खेळातून आणि चित्रांतून बोलतात. यास्तव प्रत्येक घरात मुलांना चित्रे काढण्यासाठी एक कायमचा कोपरा असावा, असे आम्ही पालकांना आग्रहाने सांगू इच्छितो. मूल पुढे चित्रकार व्हावे हा त्यामागचा हेतू नव्हे. मनातले मांडण्याची सवय त्याला लागावी, एवढाच हेतू आहे.

किल्लारी परिसराला ही गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचा भार असलेली माळवदे कोसळून जवळपास ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या वेळची पाच-सात वर्षांची मुले आज स्वतः आईबाप आहेत. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले व ते नांदेड-परभणीकडेही जाणवले. अशी बातमी ऐकताच ज्या घरातील वडीलधारी मंडळी अंथरुणे अंगणात काढतात, त्या घरातील नातवंडे भूकंप न पाहताही भीती शिकतात. त्यांना ती कोणी समजावून सांगत नाही आणि त्यांना ती विचारताही येत नाही.

चित्रे अशा वेळी किती मोलाची ठरतात, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात टेरेझीन येथील नाझी छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने बंदिवान ज्यू मुलांना चित्रकला शिकविली. कागद मिळत नसे, तेव्हा कार्यालयातील वापरलेल्या कागदांच्या पाठीवर मुले चित्रे काढीत. त्यांत छावणी होती, तशी घरे, फुले आणि बागाही होत्या. १९४४ मध्ये औशवित्झ येथे फ्रीडल यांची हत्या झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीही बहुतेक वाचले नाहीत. मुलांची चार हजारांहून अधिक चित्रे मात्र प्राग येथील ज्यू संग्रहालयात जपलेली आहेत. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम केले, तेही पाने, खडे, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तू हाताशी घेऊन. साधने थोडी असली, तरी काम अडत नाही.

जागा कशी असावी

कोपरा उजेडाचा असावा आणि घरातील माणसांच्या नजरेत असावा. चूल, शेगडी व विजेच्या बटणांपासून दूर असावा. चार फूट लांबीची भिंत पुरेशी आहे. जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत तिला फळ्याचा काळा रंग द्यावा, म्हणजे मुलाला बसून व उभे राहून लिहिता येईल. भाड्याच्या घरात भिंतीऐवजी प्लायवूडचा तुकडा रंगवून टेकवून ठेवावा. शहाबादी फरशी असेल, तर तीच उत्तम पाटी होय. रंग खरेदी करताना तो शिसेविरहित असल्याची खात्री करावी. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणूनच घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम देशात २०१७ पासून लागू आहे.

साहित्य कोणते ठेवावे

एका खोक्यात खडू, मेणखडू, पेन्सिली, गेरूचे व कोळशाचे तुकडे ठेवावेत. कागद विकत आणावयाची गरज नाही. पाठकोरे कागद, जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिकेची उलटलेली पाने पुरतात. हळदीचा पिवळा आणि फाल्गुनात पळसाच्या फुलांचा केशरी रंग घरीच तयार होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना पाण्याचे मोल ठाऊक आहेच. टंचाईच्या दिवसांत कोरडे रंग वापरावेत. दम्याच्या मुलाला खडूची धूळ सोसत नाही, त्याला मेणखडू द्यावेत. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती तोंडात जाऊन घशात अडकेल अशी लहान वस्तू देऊ नये. पायाला प्लास्टर असलेल्या वा अंथरुणास खिळलेल्या मुलासाठी जेवणाचा पाट मांडीवर ठेवला, की झाला चित्रकोपरा! महत्त्वाची गोष्ट ही, की खोके मुलाच्या हाताला येईल असे असावे. मागितल्याशिवाय मिळत नसेल, तर ती जागा मुलाची राहत नाही.

मोठ्यांनी काय करावे

चित्रकला-शिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की मुलांची चित्रे वयानुसार टप्प्याटप्प्याने बदलतात. दोन ते चार वर्षांपर्यंत मूल रेघोट्या ओढते. पुढे एका गोलाला दोन पाय फुटून माणूस तयार होतो. सातव्या वर्षाच्या सुमारास चित्राच्या तळाशी जमिनीची रेघ येते. रेघोट्या हा हाताचा व डोळ्याचा अभ्यास असतो, त्यांना वाया घालविलेला कागद समजू नये. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी आणि झोपडी हे ठरीव चित्र गिरवून घेऊ नये. "हे काय काढलंस?" असे दरडावून विचारण्याऐवजी "मला या चित्रातली गोष्ट सांगशील?" असे म्हणावे आणि मग गप्प बसून ऐकावे. चित्रामागे तारीख लिहून ते जपून ठेवावे. शेजारच्या मुलाशी तुलना तर कधीच करू नये.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी आहे, असा अर्थ लावू नये. कदाचित खोक्यात तोच खडू उरला असेल. दवाखान्यातून घरी आलेले मूल सुई आणि सलाइन पुन्हा पुन्हा काढते, तेव्हाही घाबरून जाऊ नये. भोगलेले असे हाताखालून गेले, की त्याची धार कमी होते. मात्र त्यासोबत झोपेत दचकणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, जेवण व बोलणे कमी होणे ही लक्षणे महिनाभर टिकली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे आणि चित्रे सोबत आणावीत. चित्र हे निदान नव्हे, परंतु संभाषणाला त्याची मोठी मदत होते.

आमच्या हितचिंतकांना एकच विनंती आहे. आपल्या कार्यालयात, दुकानात पाठकोरे कागद रोज रद्दीत जातात. त्यांचा एक गठ्ठा आणि खडूची एक पेटी गावातील अंगणवाडीत अथवा शेजारच्या घरातील आजारी मुलापर्यंत पोहोचवावी. या देणगीची पावती मिळणार नाही. एखादे चित्र मात्र मिळेल, ते कृपया भिंतीवर लावावे.