काटा रुतला, पेशीला कसं कळलं?

वाघोलीच्या दगडखाणींकडे चेंडू आणायला गेलात आणि पायात बाभळीचा काटा मोडला, तर आई सुई शोधू लागते. पण त्याआधीच तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बातमी पोचलेली असते. कशी? त्यांना ना डोळे, ना कान!

काट्याबरोबर आत शिरलेले जिवाणू प्रथिनांचे बारीक तुकडे सांडतात. दुखावलेल्या पेशीही रसायनं सोडतात. काट्यापाशी ही रसायनं दाट, लांब जावं तशी विरळ. नगर रस्त्यावर भज्यांच्या वासामागे चालत गाडी गाठता ना, तसंच. फक्त पेशीला हुंगत फिरावं लागत नाही. तिच्या अंगभर ‘ग्राही’ नावाचे रेणू असतात. ज्या बाजूच्या ग्राहींना रसायन जास्त चिकटलं, तिकडे काटा! पेशीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तरी तिला आपल्या दोन टोकांमधला फरक कळतो. मला तर हेच सगळ्यात भन्नाट वाटतं.

आता आत डोकावू. रसायन चिकटलं की ग्राही किंचित वाकतो आणि आतल्या ‘जी-प्रथिन’ नावाच्या रेणूला जागं करतो. ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. काही सेकंदांत पुढच्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे वाढून पेशीचं आवरण पुढे रेटतात, मागची बाजू आकसते. पेशी निघाली! वेग मिनिटाला साधारण 10 मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जायला दीड तासाहून जास्त. बरं, आधी रक्तवाहिनीतून बाहेर पडायचं असतं. जखमेजवळ वाहिनीची आतली भिंत चिकट होते. पेशी तिच्यावरून घरंगळते, थांबते आणि फटीतून अंग चोरून बाहेर येते.

ही धाव दिसली कशी? 1882 साली इटलीतल्या मेसिना गावी शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींची गर्दी! 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशींच्या अशा निरोपांचा अभ्यास आज पुण्यातही चालतो, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात.

काम संपल्यावरही एक निरोप असतोच. मरायला टेकलेली पेशी आवरणाच्या आतला एक स्निग्ध रेणू बाहेर काढून दाखवते. तो ओळखून ‘महाभक्षी’ नावाची दुसरी पेशी तिला गिळून टाकते. जिथे मेलेल्या पेशी उरतातच, तिथे पू दिसतो.