अर्धशिशीचा माग

डोके कधीच दुखले नाही असा माणूस शोधायला निघालात, तर बरेच हिंडावे लागेल. जागरण झाले, ताप आला, उन्हातून आलो की डोके दुखते आणि यथावकाश थांबते. त्याचे कुणाला विशेष वाटत नाही. परंतु तुमच्या वर्गात एखादी मुलगी अशीही असेल, की जी महिन्यातून दोन-तीनदा कपाळाची एक बाजू दाबून धरते, खिडकी लावा म्हणते, डबा तसाच परत नेते, आणि घरी जाऊन ओकारी झाल्यावर अंधाऱ्या खोलीत पडून राहते. दुसऱ्या दिवशी पाहावे तर ठणठणीत! मग मैत्रिणी हळूच म्हणतात, "काल गणिताची चाचणी होती ना?"

हे ढोंग नव्हे. याला आपण अर्धशिशी म्हणतो, डॉक्टर मायग्रेन म्हणतात, आणि गंमत अशी की दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच आहे. ग्रीक भाषेतील 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धी कवटी. तो शब्द फ्रेंचमधून झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यांतही 'अर्धावभेदक' आहेच. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी एकाच खुणेवरून नाव ठेवले, यावरून दुखणे किती जुने आणि किती ठळक आहे ते समजावे.

ते दुर्मीळही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी बंगळूर आणि भोवतालच्या खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार १८ ते ६५ वयाच्या शंभर माणसांपैकी सुमारे २५ जणांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाला होता. स्त्रियांत हे प्रमाण अधिक, आणि शहरापेक्षा खेड्यात अधिक. लहानपणी मुलगे व मुली यांच्यात फारसा फरक नसतो. वयात आल्यावर मात्र मुलींमध्ये ते दुप्पट-तिप्पट होते, कारण मासिक पाळीच्या सुमारास शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी एकदम उतरते.

आपल्याकडे या दुखण्याला आणखी एक नाव आहे : पित्त. ओकारी झाली की डोके उतरते, म्हणून पित्त चढल्यामुळे डोके दुखले, असा हिशेब घरोघर मांडला जातो. निरीक्षण खरे आहे, पण कार्यकारणाची गाडी उलटी जुंपलेली आहे. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, आणि त्यामुळे मळमळते. गोळी उशिरा घेतली तर ती बहुधा लागू पडत नाही, याचे एक कारणही हेच. ती जठरातच पडून राहते! लहान मुलांत तर डोके दोन्ही बाजूंनी दुखते, पोटही दुखते, आणि झटका एक-दोन तासांत ओसरतो. मग 'अर्ध्या डोक्या'ची खूण न दिसल्याने निदान राहूनच जाते.

मेंदूवरून चालत जाणारी लाट

आता थोडे भौतिकशास्त्राकडे वळू. अर्धशिशी असणाऱ्या काही जणांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे एक चमकणारी नागमोडी रेघ दिसते. प्रथम नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका, मग त्याची कमान, मग कमान मोठी होत होत कडेला जाते आणि नाहीशी होते. डोळे मिटले तरी ती दिसतच राहते, म्हणजे ती डोळ्यांतली नव्हे. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना ती दिसत असे, आणि त्यांनी १८६५ साली तिचे वर्णन छापले. त्यांचे डॉक्टर पुत्र ह्यूबर्ट यांनाही ती दिसे. त्यांनी १८७० साली तिची सुंदर चित्रे प्रसिद्ध केली. रेघेचे कोन त्यांना बुरुजांनी वेढलेल्या तटबंदीसारखे वाटले. ज्याने एखाद्या किल्ल्याचा नकाशा पाहिला असेल त्याला ही उपमा लगेच पटेल.

१९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाने याच रेघेवरून एक हिशेब केला. त्यालाही ती दिसत असे. रेघ कुठवर सरकली ते तो घड्याळ लावून कागदावर आखत गेला. दृष्टीचे काम मेंदूच्या मागील भागात चालते आणि नजरेतील प्रत्येक जागेला तेथे ठरलेली जागा असते. तेव्हा नजरेत रेघ सरकते याचा अर्थ मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी सरकत आहे. तुम्हीही गणित करून पाहा. सुमारे ६० मिलिमीटर अंतर २० मिनिटांत कापले, तर वेग मिनिटाला ३ मिलिमीटर. लॅशलीचे उत्तर याच सुमाराचे होते.

हा वेग केवढा? देवघरातील उदबत्ती घ्या, पट्टीने मोजा आणि पेटवा. ती मिनिटाला साधारण चार-पाच मिलिमीटर जळते. म्हणजे ही लाट उदबत्तीपेक्षाही संथ! उलट मज्जातंतूतून जाणारा संदेश सेकंदाला ५० मीटर वेगाने जाऊ शकतो. भागाकार केलात तर तो या लाटेपेक्षा दहा लाख पट वेगवान निघेल. तेव्हा ही लाट नेहमीच्या संदेशाची असूच शकत नाही. १९४४ साली आरिस्टिडेस लेआऊ या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूवर विद्युत् अग्रे ठेवून अशीच लाट प्रत्यक्ष मोजली, आणि तिचा वेगही मिनिटाला काही मिलिमीटरच भरला. उत्तेजित पेशींतून पोटॅशियमचे आयन व ग्लुटामेट हे रसायन बाहेर झिरपते, शेजारच्या पेशी पेटतात, आणि मागे राहिलेल्या पेशी काही काळ थंड पडतात. वाळल्या गवताला आग लागल्यावर असेच होते ना? जाळाची एक ओळ पुढे सरकते आणि मागे काळी पट्टी राहते. फरक इतकाच की येथे गवत थोड्या वेळात पुन्हा उगवते. २००१ साली चुंबकीय अनुनाद चित्रणाने जागत्या माणसाच्या मेंदूतही ही चाल दिसली. वेग होता मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिमीटर. कागद, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन लॅशलीने काढलेले उत्तर साठ वर्षांनी यंत्राने मान्य केले.

पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ते त्याच्यावरच्या आवरणांना व तेथील रक्तवाहिन्यांना, आणि ती वार्ता चेहऱ्याकडून येणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूमार्फत आत जाते. पूर्वी रक्तवाहिन्या फुगतात हेच मूळ कारण मानले जाई. आता तेवढ्याने भागत नाही. या तंतूंच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे एक लहान प्रथिन सुटते आणि वेदनेची वाट उघडी ठेवते. हे उलगडणाऱ्या चार संशोधकांना २०२१ साली 'ब्रेन प्राइझ' मिळाले, आणि त्या प्रथिनाला अडवणारी औषधे २०१८ पासून वापरात आली.

चिथावणी कोणाची?

आता ज्या प्रश्नाने प्रत्येक रुग्ण हैराण असतो तो घेऊ. झटका आज का आला? उपास, जागरण, ऊन, उग्र वास, डीजेचा आवाज, चहाची चुकलेली वेळ अशी नावे सगळेच सांगतात. मग आदल्या दिवशीचे उपासाचे पदार्थ आठवतात आणि साबुदाण्यावर आळ येतो.

घरातील विजेचा एमसीबी तुम्ही पाहिला असेल. एकटा कूलर चालतो, एकटी इस्त्री चालते, एकटी पाण्याची मोटरही चालते. तिन्ही एकदम लावली की खटका पडतो. मग दोष कोणाचा? शेवटी जिने बटण दाबले तिचा, असे आपण म्हणतो! अर्धशिशीचा उंबरठा असाच असतो, आणि शिवाय तो रोज एकाच उंचीवर नसतो. म्हणून कालच्या उन्हाने काही झाले नाही आणि आजच्या उन्हाने झाले.

दुसरा घोळ याहून नाजूक आहे. झटक्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, काहींना जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते. २०१६ साली जर्मनीतील संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूचे लागोपाठ ३० दिवस चित्रण केले. डोके दुखण्यापूर्वीच्या चोवीस तासांत त्याच्या हायपोथॅलॅमसचे काम बदललेले दिसले. भूक, झोप, तहान यांचा कारभार पाहणारा भाग तोच. तेव्हा चॉकलेट खाल्ल्याने डोके दुखले, की झटका सुरू झालेला होता म्हणून चॉकलेट खावेसे वाटले?

यातून वाट काढायला एक वही पुरते. रोज रात्री पाच गोष्टी लिहा : झोप किती, न्याहारी केली का, ऊन किती, पाणी किती, डोके दुखले का. परंतु डोके दुखले त्याच दिवशी लिहिण्याचा मोह टाळा, कारण न दुखलेले दिवसच येथे साक्षीदार आहेत. समजा, एका विद्यार्थ्याने ९० दिवस नोंद ठेवली. दहा दिवस डोके दुखले, आणि त्यांपैकी आठ दिवस तो उन्हात गेला होता. ऊन दोषी? थांबा. एकूण ९० पैकी ७२ दिवस तो उन्हात गेलाच होता. ७२ पैकी ८ म्हणजे नऊ दिवसांत एकदा. उन्हात न गेलेल्या १८ दिवसांपैकी २ दिवस दुखले, म्हणजे तेही नऊ दिवसांत एकदा. निदान या मुलापुरते ऊन सुटले. आता न्याहारी पाहू. ती चुकली १८ दिवस, त्यांत डोके दुखले ६ दिवस, म्हणजे तीनांत एकदा. केली ७२ दिवस, दुखले ४ दिवस, म्हणजे अठरांत एकदा. सहापट फरक! नुसत्या आठवणीवर विसंबला असता तर त्याने उन्हालाच फाशी दिली असती.

तरीही खटला संपला नाही. न्याहारी चुकली ते दिवस बहुधा उशिरा उठण्याचे, म्हणजे आदल्या रात्रीच्या जागरणाचे असणार. ओहमचा नियम तपासताना आम्ही मुलांना तारेचे तापमान बदलू देत नाही, ते याच कारणासाठी. एका वेळी एकच गोष्ट बदला. महिनाभर न्याहारी सोडू नका, झोप होती तशीच राहू द्या, आणि वही काय म्हणते ते पाहा. दहावीच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन, जागरण, काळजी आणि रिकामे पोट ही चौघेही हातात हात घालून येतात. म्हणून वही दिवाळीतच सुरू केलेली बरी.

अशा चिकाटीच्या नोंदींतून कधी नवीनच काही सापडते. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ भारतीय रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्यांना डोक्यावरून न्हाण्याने अर्धशिशी उठत असे. पाश्चात्त्य ग्रंथांत ही चिथावणी नव्हती, पण लांब केस आणि ठरलेला न्हाण्याचा वार असलेल्या आपल्या घरांत ती आजीला आधीच ठाऊक होती!

उजेडाचेही तसेच. वर्गात साधारण ३०० लक्स प्रकाश असतो, तर मे महिन्याच्या दुपारी आर्णीच्या रस्त्यावर तो एक लाखाच्या घरात जातो. तोंडाला दुपट्टा बांधण्याची आपली रीत नुसत्या झळांसाठी नाही, ती डोळ्यांवरही सावली धरते. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. डोळ्याला ते कळत नाही. चकचकीत पेन्सिल तिच्याखाली जोरात हलवा, तुटक तुटक प्रतिमा दिसतील. आर्नल्ड विल्किन्स व सहकाऱ्यांनी १९८९ साली इंग्लंडमधील एका कचेरीत असे दिवे बदलून अतिउच्च वारंवारतेचे दिवे लावले, तेव्हा डोकेदुखीचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही असेच लुकलुकतात. तुमच्या वर्गातले तपासून पाहा.

उतारा

सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी, नाकात तूप सोडावे, कपाळाला सुंठेचा लेप लावावा असे उपाय आपण ऐकतो. त्यांना हसण्याचे कारण नाही, पण एक सावधगिरी हवी. माणूस उपाय शोधतो तो त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेली गोष्ट काही न करताही उतरते. २०१७ साली अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत दोन प्रसिद्ध औषधांनी अनुक्रमे शेकडा ५२ व ५५ मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. तिसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी दिली होती, आणि त्या गटात हा आकडा शेकडा ६१ निघाला! तिसरा गट नसता तर ती दोन्ही औषधे मुलांसाठी गुणकारी ठरून गेली असती.

झटक्याच्या वेळी मात्र निश्चित उपयोगी पडणाऱ्या गोष्टी आहेत. अंधारी शांत खोली, कपाळावर ओले फडके, पाणी आणि झोप. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी वेळेवर, म्हणजे दुखणे वाढण्यापूर्वी घ्यावी. सोळा वर्षांखालील मुलांनी ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. शिक्षकांना एवढीच विनंती, की अशा मुलाला अर्धा-एक तास मागच्या खोलीत पडू द्यावे आणि पाण्याची बाटली व खाऊचा डबा तासाला जवळ ठेवू द्यावा. पण महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक वेदनाशामक गोळ्या काही महिने चालू राहिल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके रोज दुखू लागते. किराणा दुकानातून पाकीट आणून देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

काही डोकेदुख्यांसाठी वहीची वाट पाहायची नसते. क्षणात उठलेली आणि आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी भयंकर कळ, तापाबरोबर आखडलेली मान, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, रोज पहाटे ओकारीसह वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि आपल्या विदर्भात आणखी एक : एप्रिल-मेच्या उन्हात डोके दुखून अंग भाजल्यासारखे तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ती अर्धशिशी नव्हे, उष्माघात आहे. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा.