पोस्टडॉक कधीपासून शोधायचा?

समजा, दोघं येत्या मे महिन्यात थीसिस सबमिट करणार आहेत. एक जण कुलाब्याला टीआयएफआरमध्ये खगोलशास्त्रात आहे. दुसरी परळला, केईएमच्या आवारातल्या एनआयआयएचमध्ये रक्ताच्या आजारांवर काम करते. दोघांनी पोस्टडॉक कधीपासून शोधायचा? "थीसिस झाला की बघू" हे उत्तर दोघांसाठीही चूक आहे. पण कारणं वेगवेगळी आहेत, आणि ती लॅबमध्ये सहसा कुणी सांगत नाही.

खगोलशास्त्राला हंगाम असतो. अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर पावसाळा संपता संपता जाहिराती वाढायला लागतात. बहुतेक मुदती ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या, आणि रुजू व्हायचं पुढच्या वर्षी साधारण सप्टेंबरात. म्हणजे मे महिन्यात सबमिट करणाऱ्याचे अर्ज आदल्या वर्षीच गेले पाहिजेत. गणपती गेले की लिहायला बसा. शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. ती देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगून ठेवा. गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्रातही हंगाम थोडाफार हाच.

जीवशास्त्राला असा हंगाम नाही. लॅबप्रमुखाला ग्रँट मिळाली की जागा तयार होते, आणि कित्येकदा जाहिरात न येताच भरलीही जाते. म्हणून थेट ईमेल, सबमिशनच्या सहा-आठ महिने आधी. माटुंग्याच्या आयसीटीतल्या रसायनवाल्यांचंही बरंचसं असंच. ईमेल छोटा हवा: त्यांच्या कोणत्या पेपरमधला कोणता प्रश्न तुम्हाला पुढे न्यायचाय, तुम्हाला स्वतःच्या हातानं काय करता येतं, आणि कधीपासून मोकळे आहात. फ्लो सायटोमेट्री येत असेल तर तसंच लिहा, "विविध तंत्रांचा अनुभव" नको. "रिस्पेक्टेड सर" म्हणून पन्नास जणांना गेलेला ईमेल लगेच ओळखू येतो (आणि समोर बऱ्याचदा मॅडम असतात). दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करायची, बस.

आता खरी अडचण. सबमिशन आणि वायवा यांच्यामध्ये आपल्याकडे काही महिने सहज जातात, आणि तोवर फेलोशिप बहुधा संपलेली असते. युरोपच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची मुदत अलीकडे सप्टेंबरात असते. त्या तारखेपर्यंत वायवा झालेली हवी. पदवीचा कागद नंतर आला तरी चालतो. परळच्या मुलीची वायवा ऑक्टोबरवर गेली, तर तिचं अख्खं वर्ष गेलं. म्हणून गाईडना नुसती सबमिशनची तारीख विचारू नका. परीक्षकांची नावं विद्यापीठाकडे कधी जाणार, तेही विचारा.

मधल्या काळासाठी नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप बघा. ही पूर्वी एसईआरबीची होती, आता एएनआरएफकडे आहे. थीसिस देऊन पदवीची वाट बघणाऱ्यांनाही तिथे अर्ज करता येत आलाय, फक्त पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी. वयाची अट ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. तरी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचाच. तिथेही अर्जाआधी मेंटॉर ठरवावा लागतो. म्हणजे ईमेल तर लिहायचाच आहे.